दुसरे काही पाठवू नये

मी एक जुनी पत्र्याची नळी आहे. काही लोक मला नळकांडे म्हणतात. त्यांच्याशी मी बोलत नाही.

मित्रांनो, तुम्ही माझ्यासारखी नळी बहुधा पाहिली नसेल. पूर्वी शाळेचा मोठा नकाशा गुंडाळून ठेवायला अशी नळी असे. एका बाजूने बंद, दुसऱ्या बाजूला घट्ट झाकण आणि खांद्याला अडकवायला सुतळी. माझ्या पोटात कागद भिजत नाही, चुरगळत नाही, त्याला वाळवी लागत नाही. एवढे गुण एका वस्तूत असले तर तिचा थोडा मान ठेवायला हवा. पण माणसांचे विचित्र असते. कुठे रिकामी जागा दिसली की त्यांचे हात शिवशिवतात. माझ्या आयुष्याची सगळी तक्रार एवढीच आहे. तरी मी ती नीट सांगणार आहे, कारण या सवयीपायी एका मुलीचे कॉलेज बुडायची वेळ आली होती.

माझा जन्म पांढुर्ण्याच्या बाजारात झाला. कवडू नावाचा कारागीर तिथे रॉकेलच्या रिकाम्या डब्यांपासून चाळण्या, नरसाळी आणि दिव्याच्या चिमण्या बनवायचा. देश स्वतंत्र व्हायचा होता त्याच पावसाळ्यात मोरेश्वर गुरुजी त्याच्या दुकानी आले. ते तेव्हा पांढुर्ण्याच्या शाळेत शिकवत. त्यांनी भर रस्त्यात हिंदुस्थानचा नकाशा उलगडला आणि म्हणाले, एवढा मावला पाहिजे. कवडूने पत्रा कापला, वाकवला, कडेला सांधा जोडणारी झाळ लावली आणि झाकण दोनदा बसवून पाहिले. त्याने माझ्यावर चांगली मेहनत घेतली होती. गुरुजींनी मला खांद्याला लावले तेव्हा मला वाटले, आता आपल्या जन्माचे सोने झाले.

माझी झाळ थंड होते न होते तोच देशाचे दोन भाग झाले आणि माझ्या पोटातला नकाशा जुना ठरला. नवा नकाशा यायला उशीर होता. गुरुजींनी लाल पेन्सिल घेतली आणि जुन्याच नकाशावर नव्या रेघा मारल्या. स्वातंत्र्याच्या दिवशी झेंड्याच्या मागे गुरुजी आणि गुरुजींच्या खांद्यावर मी. पुढे तपासणीला आलेल्या इन्स्पेक्टरसाहेबांनीही माझे झाकण उघडून पाहिले आणि व्यवस्था चांगली आहे असा शेरा लिहिला. तो शेरा माझ्यासाठी होता. गुरुजींनी मात्र तो स्वतःचा समजून जपून ठेवला.

काही वर्षांनी गुरुजींची बदली सौंसरला झाली. मीही गेले. तिथे आम्ही बरे रमलो होतो, तोच छप्पन साल आले. राज्यांची नवी रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले. सौंसर, पांढुर्णा आणि सगळा छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली. गुरुजींनी पुन्हा लाल पेन्सिल काढली. सौंसर आणि सावनेरच्या मधे रेघ ओढताना त्यांचा हात दोनदा थांबला. वर्गातल्या एका पोराने विचारले, "गुरुजी, मंग माह्या मामाचं गाव आता परदेशात गेलं का?" गुरुजींनी त्याला खाली बस म्हटले आणि रेघ पुरी केली.

मग शाळेने नवा नकाशा भिंतीलाच ठोकून टाकला. माझे काम संपले. गुरुजींनी मला घरी आणले आणि दाराआड उभे केले. तिथे माझ्या नशिबी जे आले ते सांगायलाही लाज वाटते. गुरुजींच्या पत्नी प्रेमलताबाई मला उगारून मांजर हाकलत. एकदा त्यांनी माझ्यात उदबत्त्या ठेवून पाहिल्या. त्या वासाने माझे डोके महिनाभर उठले होते. नळीला डोके नसते असे कोणी म्हणेल, तर म्हणो.

पुढच्याच उन्हाळ्यात गुरुजींची मुलगी नलिनी मॅट्रिक झाली. पहिल्या वर्गात झाली. ही मुलगी कमी बोलायची आणि जास्त पाहायची. विहिरीजवळचे बेडूक, भेंडीच्या फुलातले किडे, कशाचेही चित्र काढून ठेवायची. तिला नागपूरच्या कॉलेजात सायन्स शिकायचे होते. गुरुजींची इच्छा तीच होती, पण घरातल्या वडीलधाऱ्यांनी अट घातली होती. यंदा प्रवेश मिळाला तर शिकू दे, नाही मिळाला तर लोधीखेड्याचे स्थळ आले आहे, ते हातचे घालवायचे नाही. म्हणजे मित्रांनो, पुढचे वर्ष नावाची वस्तू नलिनीजवळ नव्हतीच.

अर्ज तिने स्वतः लिहिला, गुणपत्रिका जोडली आणि नागपूरला पाठवला. कॉलेजचे कार्ड आले. त्यात लिहिले होते की अर्ज मिळाला, गुण उत्तम आहेत, फक्त रहिवासाचा दाखला पाठवावा. बस, एक कागद. चार घड्या घालून पाकिटात गेला असता, एक तिकीट लागले असते.

पण गुरुजींच्या मनात पोस्टाविषयी शंका शिरली होती. राज्य बदलले म्हणजे टपालही आता आधी भोपाळला जात असेल आणि मग उलटे फिरून नागपूरला येत असेल, असे त्यांनी ठरवून टाकले. घरात कोणी त्यांना सांगितले असते तर ऐकले नसते. शिवाय प्रेमलताबाईंचे भाऊ भगवंतराव नागपुरात संत्र्यांचा व्यापार करीत. बागांचा बहार पाहायला ते बसने वरचेवर सौंसरला येत. त्यांच्याबरोबर कागद हातोहात द्यायचा, असे ठरले. कागद मोडू नये म्हणून दाराआडून मला काढण्यात आले. मी खूश झाले. पुन्हा कामाला लागायचे म्हणून मी मनातल्या मनात स्वतःला झटकलेही.

गुरुजींनी कपाटातून दाखला काढला. तो त्यांनी मागच्या साली शिष्यवृत्तीसाठी काढून ठेवला होता. तो माझ्या पोटात गेला आणि एवढ्या जागेत एकटाच पडून राहिला. गुरुजींनी आत डोकावून पाहिले आणि म्हणाले, फारच रिकामं दिसते. झाले! इथून माझे हाल सुरू झाले.

नलिनीला सुंदर हस्ताक्षरासाठी मिळालेले प्रशस्तिपत्र आत आले. शिवणाच्या वर्गातला पोपटाच्या भरतकामाचा उशीचा अभ्रा आला. इन्स्पेक्टरसाहेबांचा तो शेरा आला, जो नलिनीबद्दल नव्हता, गुरुजींबद्दलही नव्हता, माझ्याबद्दल होता. बोरगावचे यशवंतराव जुने मालगुजार, म्हणजे गावचा सारा गोळा करणारे जमीनदार. मालगुजारी जाऊन बरीच वर्षे झाली होती, पण सही ते अजून मालगुजार अशीच करीत. त्यांच्याकडून मुलीच्या चांगल्या वागणुकीचा कागद आणला. त्यात त्यांच्या आजोबांनी तलाव कसा बांधला, दुष्काळात धान्य कसे वाटले, हे सविस्तर लिहिले होते आणि अगदी शेवटी, कुमारी नलिनी हीसुद्धा माझ्या ओळखीची आहे, असे होते. शेवटी प्रेमलताबाई आल्या. कोणाकडे काही पाठवायचे तर शकुनाचे काही हवे, म्हणून त्यांनी मूठभर अक्षता आणि एक सुपारी आत टाकली.

नलिनी दारात उभी राहून हे पाहत होती. ती एवढेच म्हणाली की बाबा, त्यांनी दाखलाच मागितला आहे. गुरुजी म्हणाले, असू दे, जास्तीचं काही वाया जात नाही.

नागपूरच्या कॉलेजात विनायकराव नावाचे हेडक्लार्क होते. त्यांच्या टेबलावर अर्जांची चळत लागलेली. भगवंतरावांनी मला त्यांच्यापुढे धरले. विनायकरावांनी झाकण काढून मला उलटे केले आणि सुपारी घरंगळत शाईच्या दौतीला जाऊन लागली. अक्षता टेबलभर झाल्या. मग अभ्रा. मग कागदांमागून कागद. सगळ्यात शेवटी दाखला. त्यांनी त्यावरची तारीख पाहिली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"मामासाहेब, हा कोणता मध्यप्रदेश? या तारखेले तं मी पण मध्यप्रदेशातच होतो. नवी तारीख पाहिजे, रचना झाल्यानंतरची."

त्यांचे म्हणणे बरोबर होते. त्या जुन्या दाखल्याप्रमाणे सौंसर आणि नागपूर एकाच राज्यात होते. विनायकरावांनी सगळा पसारा माझ्यात परत कोंबला आणि एक चिठ्ठी लिहिली. तहसीलचा नव्या तारखेचा रहिवास-दाखला तेवढा पाठवावा. दुसरे काही पाठवू नये. शेवटच्या वाक्याखाली त्यांनी रेघ मारली, आणि ती मारताना टाक असा दाबला की निब वाकली.

मित्रांनो, मला त्या माणसाचा फार आधार वाटला. जगात माझ्यासारखा वैतागलेला आणखी कोणी आहे, हे कळले की बरे वाटते.

सौंसरला भगवंतरावांनी चिठ्ठी दिली आणि वर तोंडानेही सांगितले. गुरुजी लगेच तहसिलीत गेले. दोन दिवस खेटे घालून नव्या तारखेचा, जांभळ्या शिक्क्याचा दाखला घेऊन आले. इथवर सगळे ठीक होते. मग ते दाखला हातात घेऊन माझ्याकडे पाहू लागले आणि मला कळून चुकले की आपली सुटका नाही.

"भाऊजी," भगवंतराव म्हणाले, "त्याईनं रेघ मारून सांगितलं, दुसरं काही पाठवू नका म्हणून."

"भगवंतराव, लग्नाच्या पत्रिकेवर काय लिहून राह्यते? आहेर आणू नये. मंग तुमी काय रिकाम्या हातानं जाता?"

भगवंतराव आपण दिलेले आहेर आठवू लागले. मला यावर शंभर उत्तरे सुचली होती. ती सगळी पत्र्यातच राहिली.

गुरुजींचा हिशोब साधा होता. कारकून नको म्हणतो ते संकोचाने. आणि पहिल्या खेपेला काम झाले नाही, म्हणजे पाठवले तेच कमी पडले. आता तर मुलगी दुसऱ्या राज्यातली झाली. तिथे तिला ओळखणारे कोण? म्हणून आधीचे सगळे परत आत गेले आणि त्यात भर पडली. नलिनीने काढलेले बेडकाचे चित्र तिला न विचारता आले. मागच्या कागदानंतरची ताजी खबर म्हणून गुरुजींनी एक पुरवणी लिहिली. तिच्यात नलिनीने गेल्या आठवड्यात गल्लीतल्या बायकांना थर्मामीटर वाचायला शिकवला, तिची प्रकृती उत्तम आहे आणि ती पहाटे उठते, असा मजकूर होता. यशवंतरावांनीही तलावाबद्दल आणखी एक पान पाठवले. माझे झाकण लागेना. गुरुजींनी गुडघा देऊन ते लावले. माझ्या कडेला आजही तिथे पोचा आहे.

आणि त्याआधी, गुरुजी पुरवणी लिहिण्यात गुंतले असताना, प्रेमलताबाईंनी देवापुढे ठेवलेला नवा दाखला उचलला होता. घरात नवा महत्त्वाचा कागद आला की त्याच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावायचे, ही त्यांच्या घरची रीत. लग्नपत्रिकेला लावतात तसे. त्यांनी बोट ओले केले आणि चारही कोपऱ्यांना लावले. एका कोपऱ्यात तहसीलचा शिक्का होता आणि शिक्क्याच्या आत तारीख. कुंकू ओले होते, शिक्का ताजा होता. माझ्या पोटात, त्या गर्दीत दाबून, दोन्ही एकमेकांत मिसळले.

या वेळी विनायकराव हसलेही नाहीत आणि रागावलेही नाहीत. त्यांनी दाखला बाजूला काढला, डागाकडे बराच वेळ पाहिले आणि भगवंतरावांना सांगितले की तारखेवरच डाग आहे. बाहेरच्या राज्यातले दाखले तारखा खोडून येऊ लागले आहेत, साहेबांची सक्त ताकीद आहे, हा कागद मी घेऊ शकत नाही. अर्जावर त्यांनी लाल शाईने 'शंकास्पद' लिहिले. प्रवेशाचा शेवटचा दिवस परवावर आला होता.

भगवंतराव त्याच संध्याकाळच्या बसने सौंसरला आले. त्यांनी सांगितलेले ऐकून गुरुजींनी हातातला टाक खाली ठेवला. त्यांना पहिल्यांदा काहीच लिहावेसे वाटले नाही. नलिनी रडली नाही. तिने मला उघडले, एकेक कागद काढून जमिनीवर मांडला आणि दाखल्यावरचा तो तांबडा डाग पाहून आईकडे पाहिले. प्रेमलताबाईंना तेव्हा समजले. त्यांचा चेहरा असा झाला की माझा सगळा राग क्षणभर कुठल्या कुठे गेला. आपल्या हाताने आपल्याच पोरीचे वाटोळे केले, असे म्हणून त्या रडल्या. मग पदराने तोंड पुसून त्यांनी सांगितले की उद्या मी जातो नागपूरले.

त्या बाईंनी तोवर कचेरीची पायरी चढलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने मायलेकी निघाल्या. डागाळलेला दाखला माझ्यात होता आणि घाईत बाकीचेही सगळे परत माझ्यात कोंबले गेले होते. मी नलिनीच्या मांडीवर होते. सावनेरच्या अलीकडे राज्याच्या हद्दीची नवी पाटी लागली होती. प्रेमलताबाईंनी तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

विनायकरावांनी त्यांना प्रिन्सिपॉलसाहेबांपुढे उभे केले. साहेब वयस्कर होते, कामात होते. त्यांनी दाखला हातात घेऊन विचारले की हा डाग कसला. नलिनी बोलायच्या आत आई बोलली.

"कागद खोटा नाही, साहेब. कुंकू म्या लावलं. पोरगी पह्यल्यांदा घराभायेर जाऊन राह्यली म्हणून लावलं. शिक्षा द्याची तं मले द्या. तिले नका देऊ."

साहेबांनी दाखला खाली ठेवला. मग त्यांनी मला उलटे केले आणि यशवंतरावांचा तलाव, पोपटाचा अभ्रा, थर्मामीटरची पुरवणी, सगळे त्यांच्या टेबलावर आले. एकही न वाचता त्यांनी ते बाजूला सारले. बेडकाचे चित्र मात्र हातात धरून नलिनीला विचारले की हे तू काढलेस का.

"हो," नलिनी म्हणाली. "पण मी पाठवलं नव्हतं. त्यात मागच्या पायाचं एक बोट चुकलं आहे."

साहेबांनी चित्र जवळ नेऊन पायाची बोटे मोजली. मग त्यांनी विनायकरावांना सांगितले की अर्जावरचा शेरा खोडा आणि जागा सोमवारपर्यंत राखून ठेवा, नवी नक्कल आली की प्रवेश द्या. आणि प्रेमलताबाईंना म्हणाले, "बाई, या वेळी कागद कोरडा येऊ द्या."

नवी नक्कल आली. तहसिलीतला बाबू पुष्कळ कुरकुरला, पण त्याने दिली. घरी ती देवापुढे ठेवली तेव्हा प्रेमलताबाईंचे बोट सवयीने करंड्याकडे गेले. त्यांनी ते कुंकू नलिनीच्या कपाळाला लावले. दाखला माझ्यात एकटाच नागपूरला गेला. एका कागदाचे वजन किती हलके असते, हे मला त्या दिवशी कळले. विनायकरावांनी झाकण उघडले, आत पाहिले, मला झटकूनही पाहिले. आणखी काहीच पडले नाही. मग त्यांनी खिशातली सुपारी काढून तोंडात टाकली आणि नलिनीचे नाव पटावर चढवले.

आता तुम्हाला वाटेल की गुरुजी शहाणे झाले असतील. मलाही तसेच वाटले होते.

नलिनी निघाली त्या सकाळी सौंसरच्या बस अड्ड्यावर गुरुजी मला खांद्याला लावून आले. मी जड होते. रात्रभर जागून त्यांनी वसतिगृहाच्या बाईंसाठी कागद लिहिले होते. मुलगी प्रामाणिक आहे, मेहनती आहे, गणितात हिचा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही, हिला समजून घ्यावे. नलिनी खिडकीजवळ बसली होती. गुरुजींनी मला खिडकीतून आत दिले. तिने झाकण काढले, वरचे दोन कागद वाचले आणि तशीच बसून राहिली. मला वाटले, आता ही चिडणार. चिडायचा तिला पुरा हक्क होता.

"बाबा," ती म्हणाली, "हे तुमी कारकुनाले सांगितलं. साहेबाले सांगितलं. मले तं एकदा बी नाही सांगितलं."

गुरुजींचे हात खिडकीच्या गजावर होते. कंडक्टरने घंटी मारली. बस हलली तेव्हा ते तिच्याबरोबर चालू लागले.

"तू माह्यापेक्षा हुशार आहेस, नलू. मले पह्यलेपासून मालूम आहे."

नलिनीने मान हलवली. तिने कागद माझ्यातून काढून वडिलांच्या हातात परत दिले आणि मला रिकामीच मांडीवर ठेवून घेतले. पुढे चार वर्षे तिने माझ्यात तिची चित्रे ठेवली, आणि एका वेळी एकच ठेवली. आता मी म्हातारी झाले आहे, माझी झाळ सुटू लागली आहे आणि एका कपाटावर मी आडवी पडून असते.

मित्रांनो, माझे एवढे ऐका. कोणी एक कागद मागितला तर एकच द्या. तो कोरडा आणि स्वच्छ द्या. झाकण गुडघ्याने लावू नका, पत्र्याला लागते. आणि तुमच्या घरातल्या कोणाबद्दल तुम्हाला काही चांगले सांगायचे असेल, तर ते परगावच्या कारकुनाला कळवत बसू नका. तो माणूस शेजारच्याच खोलीत असतो. उठा आणि जाऊन त्याला सांगा.